भाट्याच्या किनाऱ्यावर पक्षी कसे बघावेत: आधी तिथी, मग दुर्बीण

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. पुण्यात पाषाण तलाव, कवडीपाट इथे पक्षी बघायची सवय. बदलीमुळे रत्नागिरीत आलात. रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास भाट्याच्या समुद्रावर जाता. दिसतात ते सगळे करडे, सगळे लांब. जवळ जायला लागलं की थवा उठतो आणि खाडीपलीकडे जाऊन बसतो. तेव्हा मोठी लेन्स घ्यावी का, कुठे आणि कोणत्या महिन्यात जावं, इतक्या सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांतून ओळखायचं कसं, पावसाळ्यात काही दिसतं का, आणि नऊ वर्षांचा मुलगा बरोबर आला तर कंटाळेल का.

लेन्स यंदा घेऊ नका. आधी जायची वेळ बदला.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी पाचला सूर्य थेट तुमच्या डोळ्यांत आणि पक्ष्याच्या पाठीमागे असतो. त्या उजेडात ओल्या वाळूवर उभा असलेला कुठलाही पक्षी काळाच दिसणार. पायांचा हिरवट-पिवळा रंग, चोचीचं टोक, भुवईची पांढरी रेघ, ज्यावरून ओळखायचं ते सगळं चकाकीत विरून जातं. त्यात दुपारपासून खारा वारा सुटलेला, समुद्र फुगलेला, आणि रविवार म्हटल्यावर भाट्यावर निम्मी रत्नागिरी. सकाळी हे सगळं उलट असतं. सूर्य तुमच्या पाठीशी, मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, पाणी सपाट. हिवाळ्यात हे सुख साधारण दहापर्यंत टिकतं. नंतर वाळू तापते, हवा थरथरते आणि काच कितीही महागडी असली तरी चित्र हलतं. त्यामुळे आमचं किनाऱ्यावरचं काम साडेसहा ते दहा. दहानंतर मी घरी जाऊन घावणे खातो.

पण सगळ्या सकाळी सारख्या नसतात, कारण भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. तळ्यावर वाढलेल्या निरीक्षकाला हे सुरुवातीला जड जातं. तळ्यावर पक्ष्याची जागा बहुधा ठरलेली. इथे त्याचं वाढलेलं ताट दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. पूर्ण ओहोटीला काजळी नदीच्या मुखापाशी वाळूचे आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पक्षी त्यांवर दूरदूर पांगून खातात. तेव्हा तुम्हाला नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की ते पट्टे एकेक करून बुडतात, पक्षी मागे सरकत येतात, आणि शेवटी उरलेल्या उंच वाळूवर सगळे दाटीवाटीने उभे राहतात. तुम्ही तिथे आधीच जाऊन बसलेल्या असलात तर भरती त्यांना तुमच्या दिशेने हाकत आणते. त्यांच्यामागे चालत जायची गरजच नाही.

भरतीच्या वेळा मोबाइलवर मिळतात, त्या जरूर बघा. पण इथल्या खलाशांचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवरून चालतो, आणि तो डोक्यात बसला की महिन्याभराचं नियोजन दोन मिनिटांत होतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि रात्री तीनला पूर्ण भरती, सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतो. मुंबईच्या मानाने दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आता आपल्याला काय हवंय? साधारण आठ ते दहाच्या दरम्यान पूर्ण भरती, म्हणजे पक्षी जवळ येण्याचे आधीचे दोन तास बरोबर कोवळ्या उन्हात पडतात. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. शुद्ध पक्षातल्या तीन आणि वद्य पक्षातल्या तीन, अशा महिन्यात सहा सकाळी. त्यात एखादा रविवार आला तर उत्तमच. नाही आला तर ऑफिसच्या आधी दीड तास काढा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ती उंच वाळूसुद्धा बुडते आणि पक्षी खडकांवर किंवा दुसऱ्या खाडीत निघून जातात. नवख्या माणसाने त्या दिवशी जाऊ नये.

या भरतीमुळेच मुंबई आणि रत्नागिरीत इतका फरक पडतो. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतलं अंतर पाच मीटरच्या आसपास जातं, गोव्याकडे ते दोन-सव्वादोन मीटरवर येतं, आपण मध्ये. उत्तरेला चिखलाची मैदानं मैलोन्‌मैल उघडी पडतात म्हणून तिथे लाखाच्या घरात फ्लेमिंगो जमतात, आणि म्हणूनच ठाणे खाडीचं ६,५२१ हेक्टर क्षेत्र २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. आपल्याकडे किनारा खडकाळ, डोंगर पाण्यात उतरलेला, पुळणी छोट्या; पक्षी खाड्यांच्या मुखांशी थोड्या थोड्या संख्येने. शिकायला हे जास्त बरं. शेकड्यांतला एक वेगळा पक्षी सापडतो. लाखांतला सापडायला दुर्बिणीपेक्षा नशीब लागतं.

आता द्वादशीची सकाळ धरा, नोव्हेंबरातली. पावणेसातला सुरूच्या बनातून उतरून खाडीच्या मुखाकडे चालत जा आणि पाण्यापासून बऱ्यापैकी अंतरावर, वाळूच्या चढाला पाठ लावून बसा. उभं राहू नका. उभा माणूस त्यांना लांबून दिसतो. पहिली पंधरा मिनिटं काही होत नाही. मग समोरच्या ओल्या पट्ट्यावर चिमणीएवढे, फिकट पाठीचे पक्षी धावताना दिसतात. चार पावलं धावायचं, खिळल्यासारखं थांबायचं, वाकून काहीतरी टिपायचं, परत धावायचं. हे चिखल्या, इंग्रजीत प्लोव्हर. त्यातला एखादा ओल्या वाळूवर एक पाय भराभर थरथरवतो. त्या हादऱ्याने वाळूतले किडे हलतात आणि त्याला दिसतात. कधी लांबलचक गांडुळासारखा किडा चोचीत येतो, तेव्हा तो एकदम ओढत नाही. मागे रेलून ताण धरतो, किडा सैल पडेपर्यंत थांबतो, आणि मग तो अख्खा बाहेर येतो. तुटला तर निम्मं जेवण वाळूत राहिलं.

ओळखीची सुरुवात या चालीपासूनच करा, रंगापासून नको. हिवाळ्यात यांचे रंग एकसारखे असतात, चाल एकसारखी नसते. धाव-थांब-टिप करणारा तो चिखल्यांच्या कुळातला. तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून डोळा मोठा आणि चोच आखूड. मान खाली घालून शिवणयंत्रासारखी चोच वाळूत खुपसत जाणारे ते तुतवारांच्या (सँडपायपरच्या) कुळातले. ते चोचीच्या टोकाने चाचपून खातात. आणि लाट मागे गेली की तिच्यामागे धावणारे, लाट आली की तिच्यापुढे धावणारे, पांढरेशुभ्र, गुबगुबीत पक्षी दिसले तर ते सँडरलिंग. खांद्याशी काळा डाग दिसला की खात्री. एवढे तीन गट सुटे करता आले की पहिला महिना सार्थकी लागला.

चिखल्यांमध्ये पुढचा प्रश्न विचारायचा: मानेमागे पांढरी पट्टी आहे का? असेल तर केंटिश चिखल्या. नसेल तर सँडप्लोव्हर. सँडप्लोव्हरमध्येही लहान आणि मोठा असे दोन येतात आणि त्यांच्यापायी भल्याभल्यांची भांडणं झाली आहेत. मोठ्याची चोच लांब आणि दणकट, पाय हिरवट-पिवळसर, उडताना पाय शेपटीबाहेर आलेले. लहानाची चोच आखूड, पाय गडद. दोघे शेजारी उभे असले तर सोपं, एकटा असला तर वहीत ‘सँडप्लोव्हर’ एवढंच लिहा आणि पुढे चला. तुमच्या जुन्या पुस्तकात लहान सँडप्लोव्हर एकच जात म्हणून दिलेली असेल. अलीकडे तिच्या सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती केल्या आहेत. आपल्या किनाऱ्यावर येतो तो बहुतेक तिबेटन. म्हणजे तुम्ही लडाखला गेलात तर हाच पक्षी विणीच्या तांबूस छातीत तिथे भेटू शकतो.

मोठा, करडा, जाड चोचीचा, एकटाच खिन्नपणे उभा असलेला चिखल्या दिसला तर तो उडायची वाट बघा. पंख उचलल्यावर काखेत काळा डाग असेल तर ग्रे प्लोव्हर, शंकाच नाही. खाली वाकलेल्या लांब चोचीचे दोन: डोक्यावर गडद पट्टे आणि चोच मध्यम तो व्हिंब्रेल, डोकं साधं आणि चोच अवाच्या सवा लांब तो कर्ल्यू. व्हिंब्रेल मांडवीच्या किंवा मिऱ्याच्या खडकांवरही फिरतो, आणि त्याची एका दमात सात-आठ वेळा वाजणारी शिट्टी एकदा ऐकली की वर बघायची गरज उरत नाही. चोच वर वळलेली आणि पाय नारिंगी, खेकड्यांमागे वेड्यासारखा पळणारा तो टेरेक सँडपायपर. माझा आवडता. तो शिकार करताना इतका गोंधळ घालतो की शेजारचे चिखल्ये बाजूला होतात.

कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी भाटं सोडून मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर जा. सकाळी होड्या लागतात, जाळी झाडली जातात, टाकाऊ मासळी पाण्यात पडते, आणि कुरव तुमच्या डोक्यावरून फिरतात. वास सहन करायची तयारी ठेवा. इथे दुर्बीण न लावतासुद्धा पंखाचं टोक दिसतं, आणि सगळी ओळख त्या टोकात आहे. हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव, दोघांचंही डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक डाग. नावावर जाल तर फसाल. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक भरपूर काळं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. प्रौढाचा डोळा फिकट, त्यामुळे चेहरा जरा खुनशी वाटतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची बाहेरची पुढची कड पांढरी, लांब त्रिकोणासारखी, आणि काळं फक्त टोकाच्या काठाला. डोळा गडद, चेहरा सौम्य. पहिला लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करतो, दुसरा उत्तरेकडे युरोप-आशियाभर. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असेल तर पक्षी या वर्षीच जन्मलेला. त्यांच्यात मध्येच एखादा धिप्पाड, पिवळ्या चोचीवर काळी पट्टी आणि लाल टोक असलेला दिसेल, तो पल्लासचा कुरव. फेब्रुवारीत त्याचं डोकं काळंभोर होतं, इतर कुरवांच्या आधी.

सुरय चोचीच्या रंगावरून लावायचे. मोठा तुरेवाला: पिवळी चोच, पाठ गडद करडी. लहान तुरेवाला: नारिंगी चोच. सँडविच टर्न: काळी चोच, टोकाला पिवळं. कॅस्पियन: गाजराएवढी लाल चोच, ती चुकणं शक्य नाही. भरतीच्या वेळी हे सगळे वाळूच्या जिभेवर वाऱ्याकडे तोंड करून एकत्र बसतात. एका बाजूने सावकाश वाचत जा.

महिने. चिखल्यांचे पहिले थवे जुलैअखेर-ऑगस्टमध्येच येतात, भर पावसात, जेव्हा कोणी बघायला जात नाही. आधी प्रौढ येतात, अंगावर विणीचे विटलेले तांबडे रंग घेऊन; पिल्लं मागाहून, सप्टेंबरात, कोणी वाट न दाखवता. कुरव ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गर्दी असते, आणि सगळी पुस्तकं तेवढंच सांगतात. मला विचाराल तर एप्रिल चुकवू नका. उकाडा आहे, घाम आहे, पण हिवाळाभर करडे असलेले पक्षी त्या काही आठवड्यांत बदलतात: सँडप्लोव्हरची छाती विटकरी होते, ग्रे प्लोव्हरचं पोट काळं, कर्ल्यू सँडपायपर अंगभर लाल. मग एका रात्रीत अर्धे गायब. मेमध्ये किनाऱ्यावर थोडे उरतात, ते बहुतेक मागच्या वर्षीची पिल्लं. त्यांना अजून विणीचं वय नाही, म्हणून ती उन्हाळा इथेच काढतात.

जाण्याआधी ते खातात कसे, हे बघण्यासारखं असतं. छोटा टिलवा (लिटल स्टिंट), तुतवारांच्या कुळातला चिमुकला पक्षी, एरवी पंचवीसेक ग्रॅमचा. प्रवासाआधी चरबी साठवून हे पक्षी खूप जड होतात, काही जाती जवळजवळ दुप्पट. ही चरबी म्हणजे त्यांचं इंधन, आणि आपण थव्यात घुसून तो उडवला की त्यातलं थोडं जळतं. भरतीच्या वेळी त्यांना बसायला जागा नेमकी तेवढीच असते, म्हणून तेव्हा उडवणं सगळ्यात वाईट. पुळणीवर भरधाव जीप नेणारे, ड्रोन सोडणारे आणि उडता थवा टिपायला मुद्दाम धावत जाणारे यांच्यात मी फरक करत नाही. तुमच्यापुरता नियम सोपा ठेवा. खाणारे पक्षी माना वर करून उभे राहिले की तुम्ही फार जवळ आलात; तिथेच बसा. पाच मिनिटांत ते परत खायला लागतात आणि बऱ्याचदा तुमच्याच दिशेने येतात.

साहित्यात ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे. दहा किंवा बारा पटीच्या मोहात पडू नका. वाऱ्यात हात हलतो. वर्षभराने आवड टिकली तर लेन्सऐवजी स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि जड तिपाई घ्या. २० ते ६० पटीचा मिळतो, पण चाळीसच्या पुढे आपल्याकडच्या हवेत फारसा उपयोग नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने सगळं पुसा, नाहीतर खारे तुषार स्क्रू खातात. आणि एक सुरक्षेची गोष्ट: खाडीच्या मुखातल्या वाळूच्या पट्ट्यावर चालत जाऊ नका. भरती समोरून येताना दिसते, पण पाणी आधी मागच्या खोलगट भागात भरतं, आणि वळून बघता तेव्हा परतीची वाट बुडालेली असते.

भाट्याखेरीज रत्नागिरीच्या आसपास काळबादेवी, आरे-वारे, पूर्णगडची खाडी बघा. खारफुटीच्या कडेला हिवाळ्यात काळ्या डोक्याचा खंड्या असतो, निळा-जांभळा, लाल चोचीचा. पुण्याच्या माणसाला तो एकटा प्रवासखर्च वसूल करून देतो. कड्यांच्या बाजूला समुद्रगरुडाची जोडी घिरट्या घालताना दिसेल: राखाडी पंख, पांढरं पोट, पाचरीसारखी आखूड शेपटी. तो समुद्रसापही उचलतो. घरटं उंच झाडावर असतं आणि वर्षानुवर्षं तेच वापरतो. सापडलं तर जागा कुठेही जाहीर करू नका. लांब जायचं असेल तर दापोलीकडे हर्णै-आंजर्ले कुरवांसाठी, आणि अलिबागजवळ आक्षी. आक्षीला कालवफोड्या बघायला मिळतो, काळा-पांढरा, गाजरी चोचीचा, आणि पुळण इतकी सपाट आहे की ओहोटीलाही निराशा होत नाही. मालवणच्या देवबागला मी सुट्टीच्या दिवसांत जात नाही. पक्ष्यांपेक्षा बनाना राइड जास्त असतात.

पावसाळ्याचं विचारलंत. खऱ्या अर्थाने समुद्रपक्षी बघायचे ते पावसाळ्यातच. वर सांगितलेले सगळे किनाऱ्याचे पक्षी; जे आयुष्य खुल्या समुद्रावर काढतात आणि जमिनीवर फक्त विणीपुरते येतात, ते आपल्याला एरवी दिसत नाहीत. जून ते सप्टेंबरात नैर्ऋत्येचा वारा दोन-तीन दिवस सलग जोरात राहिला की ते किनाऱ्याकडे ढकलले जातात. रत्नदुर्गावर, तटाच्या आत, आडोशाला बसून पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत समुद्राकडे बघायचं. ब्रायडल्ड टर्न हमखास म्हणावा असा. पाण्याला जवळजवळ चिकटून, पाकोळीसारखा फडफडत जाणारा काळा पक्षी, कमरेला पांढरा पट्टा, तो विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करून तिकडच्या हिवाळ्यात आपल्या समुद्रात येतो. पंख ताठ धरून लाटांच्या घळीतून तिरपे जाणारे शीअरवॉटर. तासभर काही दिसत नाही, मग दहा मिनिटांत सगळं. खडकांवर मात्र उतरू नका. शेवाळ आणि लाट दोन्ही सांगून येत नाहीत.

निसर्ग (जून २०२०) किंवा तौक्ते (मे २०२१) यांच्यासारखं चक्रीवादळ जवळून गेलं, तर असे पक्षी पुळणीवर, रस्त्यावर, कधी घाटापर्यंत थकून पडलेले सापडतात. मास्क्ड बूबी तर साध्या पावसाळ्यातही येतो. बदकापेक्षा मोठा, पांढरा, पंखांची मागची कड काळी, चेहरा काळपट. ओमान-येमेनच्या बाजूच्या बेटांवर वीण करणारा. असा पक्षी दिसला की लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही घातक आहेत. एक, त्याला उचलून परत लाटांत सोडतात. तो दमलेला असतो म्हणून तर बाहेर आलेला असतो. तो तिथेच बुडतो. दुसरं, चावू नये म्हणून चोच दोरीने बांधतात. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो चोचीच्या कोपऱ्यातून श्वास घेतो. चोच बांधली की गुदमरला. चोचीत पाणीही ओतू नका. मोठं फडकं टाकून मागून धरा, चेहरा लांब ठेवा कारण तो डोळ्याच्या रोखाने चोच मारतो, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पेट्रेल किंवा शीअरवॉटर जमिनीवर नीट उभा राहू शकत नसेल तर पाय मोडलाय असं लगेच समजू नका. त्यांचे पाय पोटाच्या अगदी मागे असतात, ते जमिनीवर असेच घसटतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यानंतर समुद्र शांत झाला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ओळखीच्या तांडेलाबरोबर (होडीच्या प्रमुखाबरोबर) दूरवर जायची संधी मिळाली तर सोडू नका: सुरयांच्या तोंडची मासळी हिसकावणारे स्कुआ, पाण्यावर भोवऱ्यासारखे गरगर फिरणारे फॅलारोप. लाइफ जॅकेट, परवानगी आणि उलटीची गोळी या तीन गोष्टी आधी.

मुलगा कंटाळेल का? नुसता बसवलात तर नक्की. त्याला काम द्या. सँडरलिंग एका मिनिटात किती वेळा लाटेपुढे पळाले ते मोजायला सांगा. आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते, तिच्यात त्याला घेऊन जा. मुलं थवा दहा-दहाच्या गटात मोजायला मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. आणि त्याला सगळ्यांचे पाय तपासायला लावा. काही पक्ष्यांच्या पायांत धातूचं कडं असतं, काहींना रंगीत प्लास्टिकचे छोटे फ्लॅग. हे पक्षी वापरतात तो मध्य आशियाई स्थलांतर मार्ग आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत ३० देशांतून जातो, आणि पक्ष्याला कडं कुठे घातलं हे त्या रंगांच्या जोडीवरून कळतं. फ्लॅग दिसला तर तारीख, वेळ, जागा, कुठल्या पायावर, सांध्याच्या वर की खाली, वरचा रंग कोणता आणि खालचा कोणता, अक्षरं वाचता आली तर ती, एवढं जागीच लिहून घ्या आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. मोबाइल दुर्बिणीला लावून काढलेला धूसर फोटो असला तरी जोडा. अक्षरं नाही लागली तरी पाय आणि रंग यांवरून देश तरी समजतो.